चौघांतला एक आणि तिघांतले दोन

आमच्या मंडळाचा अभ्यासवर्ग लकडगंजात रविवारी सायंकाळी भरतो. दहावी-बारावीचे विद्यार्थी गणित-विज्ञानाच्या शंका घेऊन येतात आणि त्यांच्यासोबत आलेली वडीलधारी मंडळीही मागच्या सतरंजीवर बसून ऐकत असतात. एका रविवारी शंका विचारली ती विद्यार्थ्याने नव्हे, तर नुकत्याच कमावत्या झालेल्या एका तरुणाने. घराचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्याच्या धाकट्या बहिणीला सिकलसेलचा आजार आहे. वर्षातून दोन-तीनदा तिला दवाखान्यात भरती करावे लागते. आई-वडील धडधाकट. हा स्वतःही कधी अंथरुणाला खिळलेला नाही. त्याच्या सोयरिकीची बोलणी सुरू होती. तो म्हणाला, "मी तर चांगला आहो, हे दिसूनच राहिलं. पण माझ्या अंगात हा दोष लपून असण्याचा चान्स किती?"

वर्गातून लगेच उत्तर आले, "निम्मा. असेल, नाही तर नसेल." बारावीच्या एका विद्यार्थिनीने वहीत चार ओळी मांडल्या आणि ती म्हणाली, "नाही सर, तीनात दोन." मागे बसलेले एक निवृत्त शिक्षक 'निम्मा'च्या बाजूने उभे राहिले. मग दोन तट पडले आणि हा वाद तीन रविवार पुरला. त्या वादातून आम्ही जे शिकलो, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने समाजबांधवांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत. प्रश्न कोड्यासारखा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर आपल्या घरांतली लग्ने, पाळणे आणि पुष्कळदा एखाद्या सुनेचे सुखदुःख अवलंबून असते.

आजाराची ओळख

सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी एरव्ही गोल व लवचीक असतात. या आजारात, प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोग्याला असह्य वेदना होतात. अशा पेशी लवकर नष्ट होत असल्यामुळे रक्तही कमी पडते. १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी या पेशींची पहिली नोंद प्रसिद्ध केली. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा गुण आढळल्याचे लेहमन व कटबुश यांनी दाखविले. १९५८ साली शुक्ला व सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलवरचा लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला आणि आपल्या भागाचे नाव जगाच्या वैद्यकशास्त्रात नोंदले गेले.

विदर्भात हा आजार बौद्ध समाजात, गोंड-परधान आदी आदिवासींत आणि इतर अनेक जातींतही आढळतो. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. हे मागच्या जन्मीचे पाप नव्हे आणि कोण्या जातीचा कलंकही नव्हे. १९५४ साली डॉ. अँथनी ॲलिसन यांनी दाखवून दिले की, ज्याच्या अंगी हा दोष एकाच बाजूने आलेला असतो, त्याला हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप माजलेला होता, तेथे असे लोक अधिक जगले व त्यांची संततीही वाढली. हा आपल्या पूर्वजांच्या जगण्याचा इतिहास आहे.

पुढचे समजण्यासाठी एवढे लक्षात ठेवावे. हिमोग्लोबिन बनविण्याची सूचना प्रत्येकाजवळ दोन प्रतींत असते, एक वडिलांकडून आलेली व एक आईकडून. चांगल्या प्रतीला 'ए' म्हणतात, सिकलच्या प्रतीला 'एस'. दोन्ही प्रती 'ए' असल्या तर माणूस पूर्ण निर्दोष. एक 'ए' व एक 'एस' असली तर तो वाहक. वाहक हा रोगी नसतो. तो शेती करतो, हमाली करतो, नोकरी करतो. त्याला बहुधा ठाऊकही नसते. दोन्ही प्रती 'एस' आल्या तरच तो रुग्ण, म्हणजे 'एसएस'.

पहिला गैरसमज : चौघांतला एक

आई व वडील दोघेही वाहक असले, तर मूल होताना जणू दोन नाणी उडविली जातात, एक वडिलांचे व एक आईचे. छापा म्हणजे 'ए', काटा म्हणजे 'एस'. चार प्रकार संभवतात : छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा आणि काटा-काटा. चारही सारखेच संभाव्य. म्हणून रुग्ण अपत्याची शक्यता चारात एक, वाहक अपत्याची चारात दोन आणि निर्दोष अपत्याची चारात एक.

डॉक्टर जेव्हा "चारात एक" म्हणतात, तेव्हा आई-बाप काय ऐकतात? आमच्या वर्गात एक माउली म्हणाल्या, "पहिलं लेकरू दुखणाईत निघालं, म्हणजे आता बाकीचे तीन तर चांगलेच होईल ना जी?" हा समज आम्ही अनेक घरांत ऐकला आहे आणि तो अतिशय घातक आहे. नाण्याला आठवण नसते. मागच्या वेळी काटा-काटा पडला होता, हे त्याला ठाऊक नाही. दुसऱ्या बाळंतपणात नाणी पुन्हा नव्याने उडतात आणि धोका पुन्हा चारात एक असतो. तिसऱ्यातही तेवढाच, चौथ्यातही तेवढाच.

विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. दोन्ही पालक वाहक असलेली आणि प्रत्येकी चार मुले असलेली २५६ कुटुंबे कल्पावीत. सरासरीने त्यांतील ८१ कुटुंबांत एकही मूल रुग्ण नसेल, १०८ कुटुंबांत नेमके एक असेल आणि ६७ कुटुंबांत दोन किंवा अधिक असतील. म्हणजे 'चौघांतला एक' हा हिशेब तंतोतंत लागू पडलेली घरे निम्म्याहूनही कमी. ८१ घरांना वाटते की आपल्यावर कृपा झाली. ६७ घरांना वाटते की आपल्याला शाप लागला. खरे तर नाणी सर्वांची सारखीच होती.

दुसरा पेच : तिघांतले दोन

आता त्या तरुणाचा प्रश्न घेऊ. बहीण रुग्ण आहे, म्हणजे तिला दोन्हीकडून 'एस' मिळाला. आई-वडील स्वतः रुग्ण नाहीत. त्याअर्थी दोघेही वाहक असले पाहिजेत. भाऊ जन्माला येताना त्याच्यापुढेही तेच चार प्रकार होते. परंतु तो रुग्ण नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून काटा-काटा हा प्रकार खोडावा. उरले तीन : छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा. या तिन्हींत कोणताही एक दुसऱ्याहून अधिक संभाव्य नाही. त्यांतील दोन प्रकारांत तो वाहक ठरतो. म्हणून उत्तर तीनात दोन, शेकडा सुमारे ६७. त्या विद्यार्थिनीच्या वहीतल्या चार ओळी म्हणजे हेच चार प्रकार होते.

यावर निवृत्त शिक्षकांची हरकत अशी : "छापा-काटा आणि काटा-छापा वेगळे कशाला मोजता? शेवटी मुलगा वाहक तरी आहे किंवा नाही तरी. दोनच शक्यता. मग निम्मे-निम्मे." ही हरकत हसण्यावारी नेण्याजोगी नाही. बहुतेकांच्या मनात तीच असते.

तिचे उत्तर आमच्या मुलांनी लाकडाने दिले. लकडगंजात लाकडाला तोटा नाही. आरामशिनीवरच्या टाकाऊ तुकड्यांतून त्यांनी सारख्या आकाराच्या तीन चकत्या कापून आणल्या. एक चकती दोन्ही बाजूंनी निळी रंगविली, दुसरी दोन्ही बाजूंनी पांढरी आणि तिसरी एका बाजूने निळी, एका बाजूने पांढरी. तिन्ही पिशवीत टाकून, न पाहता एक काढून टेबलावर ठेवायची. समजा, वर निळा रंग दिसला. तर खालचा रंगही निळा असण्याची शक्यता किती? सगळा वर्ग म्हणाला, निम्मी. कारण पांढरी चकती बाद झाली आणि दोनच उरल्या. मग पिशवी फिरू लागली. प्रत्येक वेळी वर निळे आले की फळ्यावर रेघ ओढायची आणि खालचा रंग पाहायचा. रेघा वाढत गेल्या तशी 'निळ्याखाली निळे'ची बाजू उघडच जड होत गेली आणि बोलणे कमी झाले.

कारण असे. आपण चकत्या मोजत होतो. मोजायला हव्या होत्या बाजू. निळ्या बाजू एकंदर तीन आहेत. त्यांतल्या दोन एकाच चकतीच्या आहेत. जी निळी बाजू वर आली, ती या तिघींपैकी कोणतीही असू शकते आणि तिघींपैकी दोघींच्या पोटाशी निळाच रंग आहे. हे कोडे जुने आहे. फ्रेंच गणिती जोसेफ बर्त्रां यांनी १८८९ साली सोन्या-चांदीच्या नाण्यांच्या तीन पेट्या कल्पून ते मांडले होते. शक्यता किती प्रकारच्या आहेत हे मोजून भागत नाही. प्रत्येक प्रकार किती वाटांनी घडू शकतो, हे पाहावे लागते. वाहक होण्याच्या वाटा दोन आहेत, निर्दोष होण्याची एकच.

मोठमोठेही अडखळले

कोणी म्हणेल, आम्ही पडलो साधी माणसे, आमचे चुकणारच. विद्यार्थ्यांनी असा न्यूनगंड बाळगू नये. ९ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेतील 'परेड' साप्ताहिकात मॅरिलिन व्होस सावंत या स्तंभलेखिकेने अशाच एका कोड्याचे उत्तर दिले. तीन बंद दारे; एकामागे मोटार, दोहोंमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता. मोटार कोठे आहे हे माहीत असलेला सूत्रसंचालक उरलेल्या दोहोंपैकी बकरीचे एक दार उघडतो आणि विचारतो, "निवड बदलता काय?" बाईंनी लिहिले, बदला, बदलल्यास जिंकण्याची शक्यता तीनात दोन आहे. त्यावर सुमारे दहा हजार पत्रे आली. बहुतेकांनी त्यांना चूक ठरविले आणि जवळपास हजार पत्रे डॉक्टरेट मिळविलेल्यांची होती. बाई बरोबर होत्या. हंगेरीचे थोर गणिती पॉल एर्डिश यांनाही हे तर्काने पटले नव्हते. संगणकावर वारंवार प्रयोग करून दाखविल्यावरच त्यांनी मान्य केले. तेव्हा आमच्या शिक्षकांनी चकत्या पाहून पुढच्या रविवारी सर्वांदेखत "माझे चुकले" म्हटले, यात त्यांची मान खाली गेली नाही. आमच्या मनात ते अधिक मोठे झाले.

माणसे का भांडतात?

तीन रविवारांत आम्हाला याची तीन कारणे दिसली.

पहिले, दोन गोष्टी समोर दिसल्या की त्या समसमान मानण्याची सवय. उद्या पाऊस येईल किंवा येणार नाही, एवढ्यावरून पावसाची शक्यता निम्मी होत नाही. वैशाखातला पाऊस आणि श्रावणातला पाऊस यांत फरक असतोच.

दुसरे, दोघे भांडतात पण दोघांचा प्रश्न एक नसतो. "वाहक पालकांना मूल होणार आहे, ते वाहक निघेल काय?" या प्रश्नाचे उत्तर निम्मे, हे बरोबरच आहे. "मूल झाले, मोठे झाले, रुग्ण नाही असे कळले, आता ते वाहक असेल काय?" या प्रश्नाचे उत्तर तीनात दोन. मधे एक माहिती मिळाली आणि माहितीने शक्यता बदलते.

तिसरे कारण सूक्ष्म आहे. "दोहोंपैकी निदान एक प्रत 'ए' आहे" आणि "वडिलांकडून आलेली प्रत 'ए' आहे" ही दोन विधाने कानाला सारखी वाटतात, पण सारखी नाहीत. दुसरे ठाऊक असते, तर फक्त आईचे नाणे उरले असते आणि उत्तर निम्मे आले असते. परंतु मुलगा निरोगी आहे, यावरून कोणती प्रत चांगली ते कळत नाही. निम्मे म्हणणारे मनातल्या मनात एक नाणे पक्के करून टाकतात.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक पायरी. समजा, अशाच एका रुग्ण बहिणीच्या भावाचे तपासणी न करता लग्न झाले. बायको वाहक असल्याचे नंतर कळले. त्यांना तीन मुले झाली आणि तिघांतले एकही रुग्ण नाही. आता तो वाहक असण्याची शक्यता किती? असे १९२ भाऊ कल्पा. तीनात दोन या हिशेबाने १२८ वाहक, ६४ निर्दोष. वाहकांपैकी तिन्ही मुले रोगमुक्त निघणारे ५४ (प्रत्येक मुलामागे चारात तीन, असे तीनदा). निर्दोषांपैकी सर्वच्या सर्व ६४. म्हणजे तिन्ही मुले रोगमुक्त असलेले बाप ११८, त्यांत वाहक ५४, शेकडा सुमारे ४६. शक्यता ६७ वरून ४६ वर आली.

येथे एक हुशार मुलगा म्हणाला, "सर, तुम्हीच म्हटलं की आधीच्या लेकरांचा पुढच्याशी संबंध नसते. मग हे कसं?" प्रश्न फार चांगला आहे. नाणे कसे आहे हे पक्के ठाऊक असेल, तर मागच्या फेकी काहीही नवे सांगत नाहीत. पण नाणे कोणते आहे याचीच शंका असेल, तर फेकी त्या नाण्याविषयी सांगतात. त्या माउलीच्या घरी दोन्ही पालक वाहक हे पक्के होते. येथे बाप वाहक आहे की नाही हीच शंका आहे. तरीही तीन निरोगी मुले असलेल्या बापाचीही शंका शेकडा ४६ उरतेच. 'आमच्या घरात कोणाला काही नाही' हे म्हणणे पुरावा म्हणून किती तोकडे आहे, ते यावरून कळावे.

कोडे सुटते ते रक्ताच्या थेंबावर

आता मुख्य मुद्दा. तीनात दोन ही त्या तरुणाच्या रक्तातली गोष्ट नाही. त्याच्या रक्तात 'एस' आहे किंवा नाही. ते जन्माआधीच ठरून गेले. तीनात दोन हे आपल्या अज्ञानाचे माप आहे. आणि हे अज्ञान दूर करता येते. त्याने वाहक मुलीशी लग्न केले आणि कोणतीच तपासणी केली नाही, तर प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता दोन-तृतीयांश गुणिले एक-चतुर्थांश, म्हणजे सहात एक. तपासणी केली की हा सहावा हिस्सा उरतच नाही. तो निर्दोष निघाला तर शक्यता शून्य. वाहक निघाला तर चारात एक. तीन रविवारांचा वाद एका थेंबाने मिटतो.

सिकलिंग किंवा सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी 'एस' आहे काय, एवढेच सांगते. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचणीने कळते. थॅलेसेमियासारखा दुसरा दोष जोडीला असल्यास त्याचाही सुगावा तिच्यातून लागतो, आणि सिकल व थॅलेसेमिया एकत्र आले तरी मूल आजारी होऊ शकते. म्हणून अहवाल पूर्ण घ्यावा व डॉक्टरांकडून समजून घ्यावा. काही रुग्णांत लक्षणे सौम्य असतात, तेव्हा 'चांगला दिसतो' हेही डोळ्यांनी ठरवू नये. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेल आजाराचा समावेश आहे, ही गोष्ट आजारी विद्यार्थ्यांच्या पालकांनी ध्यानात ठेवावी.

दोन गोष्टी मात्र आवर्जून सांगावयाच्या आहेत. एक, अहवालात 'एएस' आले म्हणून कोणाचे लग्न मोडू नये. वाहकाने निर्दोष जोडीदाराशी लग्न केल्यास एकही अपत्य सिकलसेलचे रुग्ण होत नाही. दोन्ही वाहक असून लग्न झालेच असेल, तर गर्भारपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दुसरी गोष्ट, मूल आजारी निघाले की बोट सुनेकडे जाते. हा अन्याय आहे आणि गणिताच्या विरुद्धही आहे. काटा-काटा पडायला दोन नाणी लागतात. त्यांतले एक बापाचे असते. पत्रिकेत गुण जुळविण्याची चाल आपण सोडली. रक्ताची चिठ्ठी जुळविण्याची चाल आता घरोघरी पडली पाहिजे.

तो तरुण पुढच्याच आठवड्यात रक्त देऊन आला आणि मुलीकडच्यांनीही तपासणी करून घेतली. अहवाल काय आले, ते त्या दोन घरांचे. आम्ही विचारले नाही. तीन चकत्या मात्र वर्गाच्या कपाटात ठेवल्या आहेत. नवा विद्यार्थी आला की मुले त्याच्या हाती पिशवी देतात आणि विचारतात, "सांग, खाली कोणता रंग?"